पेशंटला भेटायला सगळे पहिल्या दोन दिवसांतच का जातात?

पाऊलवाट

घरातल्या मोठ्यांच्या आजारपणांत रुग्णालयात सोबतीला राहायची वेळ माझ्यावर बरेचदा आली. वॉर्ड बदलले, दुखणी बदलली, पण एक गोष्ट सगळीकडे तशीच दिसली. माणूस दाखल झाल्याची बातमी पसरली की पहिल्या दोन दिवसांत भेटणाऱ्यांची रीघ लागते. मग ती आटते. डिस्चार्ज मिळून घरी आलं की फोनसुद्धा येईनासे होतात.

पेशंटची गरज नेमकी याच्या उलट असते. मोठ्या शस्त्रक्रियेनंतरचे पहिले दिवस म्हणजे भुलीची गुंगी, मळमळ, टाक्यांची ओढ, थोड्या थोड्या वेळाने बीपी आणि ताप बघायला येणारं कुणीतरी, आणि तुकड्यातुकड्यांनी मिळणारी झोप. अंगावर तो मागून उघडा गाऊन, केस विस्कटलेले, पलंगाला लघवीची पिशवी लावलेली. अशा वेळी कुणाच्या नजरेला पडूच नये असं वाटतं. तरीही दारात कुणी दिसलं की पेशंट हसू आणतो, "या, बसा" म्हणतो आणि काय झालं ते पहिल्यापासून सांगतो. ते गेले की दुसरे येतात, पुन्हा पहिल्यापासून. माझ्या सासूबाई संध्याकाळची मंडळी गेली की भिंतीकडे तोंड करून रडायच्या. त्यांना कुणी काही लागेलसं बोललं नव्हतं. त्या नुसत्या दमलेल्या असायच्या.

पुढे पंधरा-वीस दिवसांनी वेदना उतरलेली असते, पण जिना उतरायची परवानगी नसते. घरातले कामाला लागलेले असतात. दुपार सरता सरत नाही. तेव्हा माणसं हवी असतात, आणि तेव्हाच कुणी येत नाही.

म्हणून माझं मत असं, की अगदी जवळची दोन-चार माणसं सोडून बाकीच्यांनी पहिले दिवस जाऊ द्यावेत आणि नंतर यावं. "आत्ता गर्दी करत नाही, पुढच्या आठवड्यात येते" एवढा निरोप सोबतीला असलेल्या माणसाला दिला की पुरतं. हे होत नाही याचं कारण आपल्याच मनात आहे. कोण आलं, कोण आलं नाही, याची नोंद घरोघरी ठेवली जाते आणि वर्षानुवर्षं बोलून दाखवली जाते. ती नोंद ठेवणं थांबलं तर पहिल्या दिवसाची धावपळ आपोआप कमी होईल.

दुसरं, सोबतीला राहणाऱ्याकडे बघा. औषधं आणणं, रिपोर्ट घेऊन येणं, बिलाच्या खिडकीपाशी उभं राहणं, रात्री खुर्चीत डुलकी काढणं, हे सगळं एकटं माणूस करत असतं. तुम्ही दोन तास पलंगाशेजारी बसलात तर ते घरी जाऊन आंघोळ करून, पाठ टेकून येऊ शकतं. "काही लागलं तर सांगा" म्हटल्यावर कुणी सांगत नाही. "उद्या दुपारी तीन ते पाच मी बसते, तुम्ही घरी जाऊन या" म्हटलं तर नाही म्हणवत नाही.

इथे नर्स, डॉक्टर, स्वतः पेशंट राहिलेले बरेच जण आहेत. तुम्हाला काय वाटतं ते सविस्तर लिहा.

निळी_खिडकी

पूर्ण सहमत. पायाचं हाड मोडून मी बरेच दिवस घरात पडून होतो. दवाखान्यात असताना पलंगाभोवती उभं राहायला जागा नव्हती. घरी आल्यावर नियमाने यायचा तो ऑफिसातला एकच जण, दर गुरुवारी संध्याकाळी. आमची त्याआधी फारशी ओळखही नव्हती. तो बुद्धिबळाचा पट मांडायचा, एक डाव व्हायचा आणि जायचा. पायाबद्दल एक अक्षर विचारायचा नाही. आठवड्याचे बाकीचे दिवस मी त्या डावाच्या विचारात काढायचो. आज तो माझा सगळ्यात जवळचा मित्र आहे.

उंबरठा

मी असहमत आहे, निदान अर्धा. माझ्या भावाला अपघात झाला त्या रात्री चाळीसेक माणसं जमली होती. रक्त द्यायला कोण, तपासणीसाठी धावायला कोण, आईला सांभाळायला कोण, पैशांची जुळवाजुळव करायला कोण, हे सगळं त्या गर्दीनेच केलं. "नंतर येतो" म्हणून सगळे घरी बसले असते तर आम्ही कोलमडलो असतो. पहिल्या दिवशी येणाऱ्या माणसाच्या मनात प्रेमच असतं. त्याला दिखाऊ ठरवू नका.

पाऊलवाट

@उंबरठा, दिखाऊ म्हणायचा हेतू अजिबात नाही, पण माझ्या लिहिण्यात तुम्ही सांगताय ती बाजू आली नाही हे खरं. तुमच्याकडची माणसं इमारतीत होती, भावाच्या उशाशी नव्हती. धावपळीसाठी येणारा पहिल्या तासालाही हवाच असतो. माझा आक्षेप पलंगाभोवतीच्या गर्दीला आहे. पहिल्या दिवशी या, पण खाली थांबा आणि काम मागून घ्या, असं म्हणू का?

उंबरठा

हो, असं असेल तर माझी हरकत नाही.

रात्रपाळी

मी वॉर्डात नर्स आहे. नोकरीचा बराच काळ सर्जिकल वॉर्डात गेला. भेटायला येणाऱ्यांबद्दल आमच्या मनात राग नसतो. ज्या पेशंटकडे कुणीच येत नाही त्यांचं जेवण कमी होतं, बोलणं कमी होतं, हे आम्ही रोज बघतो. तरी काही गोष्टी इथे लिहितेच, कारण त्या दर आठवड्याला घडतात आणि प्रेमापोटी घडतात.

सलाईनच्या नळीवरचं चाक फिरवू नका. "फार हळू जातंय" म्हणून नातेवाईक ते वाढवतात. हृदयाच्या किंवा किडनीच्या पेशंटला जास्त वेगाने गेलेलं पाणी फुप्फुसात साचू शकतं. सलाईन संपत आलं, नळीत रक्त दिसलं, हात सुजला, तर आम्हाला हाक मारा. तीच तुमची सगळ्यात मोठी मदत.

काही पेशंटना वेदनाशामकाचा पंप लावलेला असतो, त्याचं बटण त्यांच्या हातात दिलेलं असतं. ते बटण फक्त पेशंटने दाबायचं. माणूस गुंगीत गेला की त्याच्याकडून बटण दाबलं जात नाही आणि औषध आपोआप थांबतं, हीच त्यातली सुरक्षितता आहे. तो झोपेत कण्हतोय म्हणून बायकोने किंवा मुलाने बटण दाबलं तर ती सुरक्षितता गेली. अशाने श्वास मंदावतो.

लघवीची पिशवी कायम मूत्राशयाच्या पातळीच्या खाली हवी. पलंग हलवताना, पेशंटला बसवताना लोक ती उचलून गादीवर ठेवतात. मग लघवी उलटी जाते आणि संसर्गाला वाट मिळते.

पलंगाचा कठडा तुम्ही खाली केलात तर जाताना वर करा. पेशंटला बाथरूमला न्यायचं असेल तर आधी विचारा. शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदा उभं राहताना रक्तदाब एकदम उतरतो, आणि पडून खुब्याचं हाड मोडलं की मूळ दुखण्यापेक्षा ते भारी ठरतं.

तोंडाने काहीही देण्याआधी विचारा, पाण्याचा घोटसुद्धा. उद्या शस्त्रक्रिया असेल तर साधारणपणे घन अन्न सहा तास आणि साधं पाणी दोन तास आधी बंद करतात. मधे कुणी प्रेमाने काही भरवलं तर शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागते. पक्षाघाताच्या पेशंटचं गिळणं तपासल्याशिवाय त्याला काही द्यायचंच नसतं. घास श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होतो, आणि अशा पेशंटला कधीकधी खोकलाही येत नाही, त्यामुळे समोर बसलेल्याला काही कळत नाही.

डॉक्टरांच्या राउंडच्या वेळी बाहेरच्यांनी थांबू नये. पेशंटला शौचाबद्दल, स्रावाबद्दल, भीतीबद्दल विचारायचं असतं. समोर आत्येभाऊ बसलेला असेल तर तो विचारत नाही. पलंगाला अडकवलेले कागद वाचू नका. फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. शेजारच्या पलंगावरच्या माणसाला काय झालंय, ही चौकशीही नको. पडद्याला आवाज अडत नाही.

सूक्ष्मदर्शी

रात्रपाळी ताईंनी बहुतेक सगळं लिहिलंय. मी प्रयोगशाळेत जंतूंचं काम करतो, संसर्गापुरतं सांगतो.

हात आत जाताना आणि बाहेर येताना, दोन्ही वेळा. अल्कोहोलचं द्रावण २० ते ३० सेकंद, साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बहुतेक लोक तळव्यांवर तळवे घासतात आणि थांबतात. बोटांची टोकं, अंगठा आणि बोटांच्या बेचक्या तशाच राहतात. पेशंटला जुलाब होत असतील तर मात्र साबण-पाणीच वापरा. क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसील नावाच्या जिवाणूचे बीजाणू अल्कोहोलला दाद देत नाहीत. ते घासून, पाण्याबरोबर वाहूनच जावे लागतात.

सर्दी, ताप, जुलाब असताना जाऊ नये हे सगळ्यांना माहीत असतं, तरी "थोडंसंच आहे" म्हणून माणसं जातात. फ्लू लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासून पसरू शकतो. कांजिण्या पुरळ उठण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून पसरतात. म्हणजे घरात कुणाला नुकतंच काही झालं असेल तर तुम्ही स्वतः ठणठणीत असलात तरी विचार करा. केमोथेरपी झालेल्या पेशंटच्या पांढऱ्या पेशी साधारण सात ते चौदा दिवसांनी सगळ्यात खाली जातात. तेव्हा तो दिसायला बरा दिसतो, घरी असतो, हिंडत असतो, आणि त्याच काळात त्याला सगळ्यात जास्त जपायचं असतं. धागाकर्तीचं "नंतर या" इथे जसंच्या तसं लागू होत नाही. अशा घरी आधी फोन करून, डॉक्टरांनी काय सांगितलंय ते विचारूनच जा.

फुलांबद्दल नेहमी विचारलं जातं. फुलदाणीतल्या पाण्यात जंतू भरपूर वाढतात. साध्या वॉर्डात त्यामुळे कुणाला बाधा झाल्याचं फारसं दिसत नाही, पण अतिदक्षता विभाग, भाजलेल्या रुग्णांचा विभाग आणि प्रत्यारोपणाचा विभाग इथे फुलं नेत नाहीत.

नवजात बाळाचं चुंबन घेऊ नका, कितीही जवळचे असलात तरी. ओठांवर येणाऱ्या तापाच्या फोडांचा विषाणू त्या वयात जिवावर बेतू शकतो.

उंबरठा

डॉक्टर मंडळींना एक विचारायचं आहे. भाऊ आयसीयूत होता तेव्हा आम्हाला दिवसातून एकदाच, तेही काही मिनिटं आत सोडायचे. आई दिवसभर बाहेरच्या बाकावर बसून असायची. एवढे कडक नियम खरंच गरजेचे असतात का?

अतिदक्ष

मी आयसीयूत काम करतो. खरं सांगायचं तर इतके कडक असण्याची गरज आहे, असा पुरावा नाही. नियम जुने आहेत आणि भीती संसर्गाची होती. २००६ मध्ये इटलीतल्या एका आयसीयूचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मोकळी भेट दिलेल्या काळात वातावरणातले जंतू वाढलेले आढळले, पण रुग्णांमधले गंभीर संसर्ग वाढले नाहीत, आणि हृदय-रक्ताभिसरणाच्या गुंतागुंती कमी झाल्या. २०१९ मध्ये ब्राझीलमधल्या ३६ आयसीयूंचा मोठा अभ्यास आला. त्यात नातेवाइकांना दिवसाला बारा तासांपर्यंत थांबू दिलं होतं. रुग्णांना होणारा भ्रम कमी होईल अशी आशा होती, तिथे लक्षणीय फरक पडला नाही. पण संसर्ग वाढले नाहीत, कर्मचाऱ्यांवरचा ताण लक्षणीय वाढला नाही, आणि नातेवाइकांची चिंता व नैराश्य स्पष्टपणे कमी झालं. तुमच्या आईचा तो बाक मला या अभ्यासांमुळेच खटकतो.

अडचण जागेची आणि माणसांची आहे. पलंग जवळजवळ, नर्स कमी, शेजारी कुणावर तातडीचे उपचार चालू. तेव्हा बाहेर काढलं तर राग मानू नका. पण अर्ध्या तासाने पुन्हा विचारा. विचारणाऱ्याला बरेचदा आत सोडलं जातं.

आत गेल्यावर काय करायचं, हे कुणी सांगत नाही. नाव घेऊन हाक मारा, तुम्ही कोण ते सांगा, आज वार कोणता, सकाळ की संध्याकाळ ते सांगा. चष्मा आणि कानाचं यंत्र घरी राहिलं असेल तर ते आणून द्या. वयस्क पेशंट गोंधळतात त्यात न दिसणं, न ऐकू येणं याचा मोठा हात असतो. तो भलतंच काही बोलत असेल, भिंतीवर माणसं दिसत असतील, तर वाद घालू नका. "मी इथे आहे, तुम्ही रुग्णालयात आहात, सुरक्षित आहात" एवढं पुरे. बेशुद्ध माणसाशीही बोला. कॅनडात मृत्यूच्या उंबरठ्यावरच्या रुग्णांच्या मेंदूचे आलेख काढले होते, तो अभ्यास २०२० मध्ये आला. प्रतिसाद देणं बंद झालेल्यांपैकी काहींचा मेंदू आवाजाला साद देत होता. त्यांना अर्थ कळत होता का, हे त्यातून ठरत नाही. पण त्याच्या पलंगाशी उभं राहून "आता काही खरं नाही" असं म्हणू नये, एवढं नक्की ठरतं.

मधली_सुट्टी

माझी मुलगी लहान असताना तिला दाखल करावं लागलं होतं आणि मी रात्रंदिवस तिच्याजवळ राहू शकले. हे मला तेव्हा अगदी साहजिक वाटलं. नंतर वाचलं तेव्हा कळलं, की हा हक्क फार जुना नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ब्रिटनमधल्या कित्येक रुग्णालयांत आईवडिलांना आठवड्यातून मोजका वेळच मुलाला भेटू देत. कारण असं सांगत, की भेटून गेल्यावर मुलं रडतात, एरवी शांत असतात. मनोविश्लेषक जेम्स रॉबर्टसन यांनी रुग्णालयात ठेवलेल्या दोन वर्षांच्या मुलीचं चित्रण १९५२ मध्ये दाखवलं, आणि ती शांतता म्हणजे मुलाने आशा सोडणं आहे हे लोकांना डोळ्यांनी बघायला मिळालं. १९५९ मध्ये तिथल्या प्लॅट समितीने आईवडिलांना कधीही भेटू द्यावं आणि लहान मुलांच्या आईला सोबत राहू द्यावं अशी शिफारस केली. ती अमलात यायलाही पुढे वर्षं लागली.

मुलाला भेटायला जाणाऱ्यांना माझी एकच विनंती. "रडायचं नाही हं, शूर ना तू?" असं म्हणू नका. त्याला दुखतंय, त्याला रडू द्या. आणि भावंड घरी असेल तर त्याच्यासाठी वेळ काढा. सगळं घर एका मुलाभोवती फिरत असतं तेव्हा दुसरं मूल गप्प होतं.

तिसरी_पाळी

मी डायलिसिसवर आहे. आठवड्यातून तीनदा, दर वेळी साधारण चार तास. या दुखण्याला पहिला दिवस नाही आणि शेवटचाही नाही, त्यामुळे "भेटायला जाणं" कुणाच्या डोक्यातच येत नाही. सुरुवातीला सगळे येऊन गेले, मग मी "बरा" झालो असं धरलं गेलं. मशीनला जोडलेला असताना गप्पा मारायला कुणी आलं तर ते चार तास हलके जातात. केंद्रात परवानगी असेल तर जरूर जा.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. ज्या हातावर फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी रक्तवाहिन्यांची केलेली जोडणी असते, तो हात प्रेमानेही दाबू नका, धरून ओढू नका. आणि फळं, फळांचे रस विचारल्याशिवाय आणू नका. पोटॅशियम वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. पाणीसुद्धा आम्हाला मोजून असतं.

पाऊलवाट

@तिसरी_पाळी, तुमचं लिहिणं वाचून थांबले. मी "नंतर या" म्हणताना पंधरा-वीस दिवसांचाच विचार केला होता.

शांत_खोली

मनोरुग्ण विभागाबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून लिहितो. माझी बहीण तीव्र नैराश्यामुळे दाखल होती. घरात आधी झालेल्या शस्त्रक्रियेच्या वेळी भेटायला आलेल्यांपैकी एकही नातेवाईक तिथे फिरकला नाही. काहींना भीती वाटत होती, काहींना वाटत होतं की गेलो तर आम्हालाच अवघडायला होईल. बहिणीला ते पुरतं कळत होतं. तिथेही भेटीच्या वेळा असतात, लोक अंगणात बसतात, पत्ते खेळतात. पट्टा, नाडी, काच, धारदार वस्तू आत नेऊ देत नाहीत, तेवढं आधी विचारून घ्या. "तुला कमी काय आहे?" हा प्रश्न तिथे कधीही विचारू नका. इतर कुठल्याही आजाऱ्याला भेटता तसं भेटा.

निळी_खिडकी

काय बोलायचं यावरही लिहायला हवं. "अमक्याला हेच झालं होतं, तो गेला" हे मी स्वतः पडून असताना ऐकलंय. त्याच्या उलट "काही होत नाही, आठवड्यात पळायला लागशील" हेही तितकंच टोचतं, कारण मग आपली भीती बोलायला जागाच उरत नाही. नवा डॉक्टर, नवं औषध, कुणाचा तरी उतारा, यातलं काही पेशंटने विचारल्याशिवाय सांगू नये. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी एकोणिसाव्या शतकात आजाऱ्याला पोकळ धीर आणि फुकट सल्ले देणाऱ्यांविरुद्ध एक अख्खं प्रकरण लिहिलं होतं. बाहेरच्या जगातलं काही सांगा. तो ज्या कामात असतो तिथलं, मित्रांचं, सामन्याचं. आणि तो डोळे मिटून पडला तर गप्प बसा किंवा उठा.

रात्रपाळी

हो, आणि उभ्याने बोलू नका. खुर्ची ओढून त्याच्या नजरेच्या पातळीला बसा. दहा मिनिटं बसलेला माणूस पेशंटला अर्धा तास उभ्या राहिलेल्यापेक्षा जास्त वेळ थांबल्यासारखा वाटतो. पलंगावर मात्र बसू नका.

ओंजळ

धागा वेळेवर आला. माझे वडील आयसीयूत व्हेंटिलेटरवर आहेत. माझा आठ वर्षांचा मुलगा रोज विचारतो, आजोबांना कधी बघायचं. घरातले म्हणतात त्याला नेऊ नको, घाबरेल. काय करू?

अतिदक्ष

त्याला स्वतःहून बघायचं असेल आणि विभागाची परवानगी असेल तर न्यावं, असं माझं मत आहे. न दिसलेलं मुलं मनाने रंगवतात, आणि ते बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा भयंकर असतं. आधी विभागात बोलून ठेवा, मुलाला आणायचंय असं सांगा, म्हणजे ड्रेसिंग किंवा सक्शन (नळीतून कफ ओढून काढणं) चालू नसेल अशी वेळ ते देतील. नेण्याआधी त्याला काय दिसेल ते साध्या शब्दांत सांगा: तोंडात नळी आहे म्हणून आजोबा बोलू शकणार नाहीत, यंत्र श्वास द्यायला मदत करतंय, मधूनच आवाज होतो, तो झाला म्हणजे वाईटच झालं असं नसतं. "झोपलेत" असं सांगू नका, तो स्वतः झोपायला घाबरेल. औषधाने त्यांना गुंगीत ठेवलंय, असं सांगा. पाच मिनिटं पुरे.

रात्रपाळी

तुमच्याबरोबर आणखी एक मोठं माणूस न्या, फक्त मुलासाठी. त्याला मधेच बाहेर जावंसं वाटलं तर ते घेऊन जाईल आणि तुम्हाला वडिलांपाशी थांबता येईल. कुठे हात लावायचा ते नर्सला विचारा, बहुतेक वेळा पंजा धरता येतो. तो दारापर्यंत येऊन "नको" म्हणाला तर आग्रह करू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. आणि निघण्याआधी बघा, त्याला सर्दी-ताप नाही ना, वर्गात कुणाला कांजिण्या आल्या नाहीत ना. तसं काही असेल तर आम्हाला फोनवर सांगा, मग व्हिडिओ कॉल जोडून देता येतो का ते आम्ही बघतो.